नऊ विहिरींचं गाव

मार्च लागला की सांगलीच्या उन्हाला बेदाण्याचा वास यायला लागतो. गोडसर आणि जरा आंबूस. वरच्या मजल्यावरच्या वर्गाच्या खिडक्या उघड्या असतात, पंखे कुरकुरत असतात आणि मी परीक्षेची पर्यवेक्षक म्हणून बाकांच्या रांगांमधून फिरत असते. बोलायचं नाही, वाचायचं नाही, फोन बाहेर ठेवलेला. तीन तास नुसतं बघायचं. बाकीचे शिक्षक मुलांच्या नजरा बघतात. माझं लक्ष हातांकडं जातं. भरभर धावणारे हात, मध्येच थांबून कपाळ खाजवणारे हात, पेन खाली ठेवून बोटं झटकणारे हात. एखाद्या मुलीनं दमलेली मूठ दोन-तीनदा उघडून मिटली की मी तिथंच थबकते. मला साताऱ्यातला एक हात आठवतो. मोठा, निबर, निळ्या शिरांचा. आणि कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा मांडीवर पडलेला.

तो हात नानांचा. नाना मूळचे पाटणकडचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. त्यांच्या घरातल्या माडीवरच्या खोलीत राहून मी बीएस्सी केलं. आमचं घर कवठे महांकाळच्या पलीकडचं, मेंढरांचं. वडील वर्षातले सात-आठ महिने कळपामागं फिरतीवर. पदवी म्हणजे नक्की काय, हे आमच्या घरात कुणाला सांगता आलं नसतं. पण ती आणायला साताऱ्याला जावं लागत असेल तर पोरीनं जावं, एवढं वडिलांचं पक्कं होतं. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी ओळखीनं नानांचं घर गाठून दिलं. नानांनी पहिल्या दिवशी माझे गुण विचारले नाहीत. तळहात बघितले. "नाव कोमल, आन् हाताला खुरप्याचं घट्टं," ते म्हणाले. "ऱ्हा पोरी. कामाचा हात हाय."

शेवटच्या वर्षाच्या थंडीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय लवकर सावरला, जीभ सुटली. उजवा हात तेवढा मागं राहिला. नानांच्या गावी झेंडावंदनाला माजी सैनिकांची वेगळी रांग उभी राहते, आणि त्या रांगेला हुकूम द्यायचा मान ज्येष्ठ म्हणून नानांचा. त्या सव्वीस जानेवारीला ते गेले नाहीत. घरात दिवसभर टीव्ही लागला नाही. संध्याकाळी चहा घेताना ते सुनेला, म्हणजे आमच्या वहिनींना म्हणाले, "एक मेला जानार. सलामीचा हात घेऊनच जानार."

"आन् न्हाईच आला हात, तर?" वहिनींनी हळूच विचारलं.

"तर पुन्यांदा त्या रांगंत पाय ठेवायचा न्हाई."

नाना बोलले की ते होतं, हे त्या घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मऊ रबरी चेंडू दिला होता, रोज शंभर वेळा दाबायला. नानांनी तो चेंडू खिडकीतून बाहेर टाकला. "मी काय रांगतोय व्हय?" वहिनींनी तो अंगणातून उचलून आणला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अंगणात. असे चार दिवस गेल्यावर विजयदादांचा फोन आला. विजयदादा नानांचे चिरंजीव. तेव्हा सीमेवर कुठंतरी होते, कुठं ते घरातसुद्धा विचारत नसत. त्यांनी वहिनींना सांगितलं, मागच्या खोलीतला माझा कॉम्प्युटर चालू कर, त्यात एक लढाईचा खेळ आहे, तो नानांना लावून दे. वहिनी घरकामातून मोकळ्या होईनात, म्हणून दुपारी दोन ते चार हे काम माझ्याकडं आलं. मला तरी कुठं येत होतं? कॉम्प्युटरवर मी तोवर फक्त संख्याशास्त्राची प्रॅक्टिकल्स केली होती.

त्या खेळाचं मला अजूनही नवल वाटतं. सुरुवातीला काहीच नसतं. एक माळ, बाजूला थोडं रान, एक ओढा, पाच-सहा कुटुंबं आणि बैलाची एक जोडी. आपण आभाळात, घारीसारखे. तिथून बघायचं आणि ठरवायचं, विहीर कुठं, घरं कुठं, धान्याचं कोठार कुठं, लाकूड कुठून तोडायचं. माणसं कामाला लागतात. धूर निघतो, वाट पडते, हळूहळू गाव होतं. मग एखाद्या दिवशी टेकडीमागून लुटारू येतात. घराघरातली माणसं नांगर सोडून भाले घेतात आणि त्याच वेळी एक बटण दाबलं की आपण आभाळातून खाली येतो. आपण त्या गावचे सरदार होतो. हातात तलवार, समोर शत्रू आणि आजूबाजूला आपणच वसवलेल्या गल्ल्या. वरून सगळी माणसं मुंग्यांएवढी आणि सारखीच दिसायची. खाली उतरलं की एकाची टोपी फाटकी, एक जण लंगडतोय, असं दिसायचं.

आम्ही कामं वाटून घेतली. गाव मी वसवायचं, लढाई नानांनी लढायची. तलवार उगारायला उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं माऊस दाबावा लागतो. पहिल्या दिवशी त्यांचं बोट माऊसवर नुसतं पडून राहिलं. पडद्यावर लुटारू येऊन आमच्या सरदाराला कापून गेले. नाना बघत बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आवं नाना, बंदूक समजा की. घोडा दाबायचा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "घोडा व्हय? मग आदी का न्हाई सांगितलंस?"

बराच वेळ काही झालं नाही. नानांच्या कपाळावर घाम आला. मग 'टिक' असा एक आवाज झाला आणि पडद्यावरच्या माणसानं तलवार उचलली. मारली कुणालाच नाही, नुसती उचलली. वहिनी दारात उभ्या होत्या हे मला नंतर कळलं, कारण पदरानं डोळे टिपत त्या आत निघून गेल्या आणि त्या दिवशी चहाबरोबर शिरा आला.

साताऱ्यातले ते दिवस मला असे तुकड्यातुकड्यांनी आठवतात. परसातल्या आंब्याला मोहोर होता आणि त्याचे बारीक कण वाऱ्यानं खिडकीतून येऊन माझ्या वहीवर पडायचे. अजिंक्यतारा उन्हानं पिवळा पडलेला. भरतीची तयारी करणारी पोरं त्याच्या चढावर पळायची, आणि त्यांच्या बुटांचा आवाज पहाटे माझ्या खोलीत यायचा. नाना त्या आवाजावर पोरं मोजायचे. शिमग्याला गल्लीत बोंबा चालल्या होत्या तेव्हा आम्ही दोघं धान्याचं कोठार कुठं हलवावं यावर भांडत होतो. सकाळी अभ्यास, दुपारी गाव, संध्याकाळी पुन्हा अभ्यास. वडिलांचा फोन आला की ते एकच विचारायचे, "अभ्यास चाललाय न्हवं?" पलीकडं मेंढरांचा कालवा ऐकू यायचा. मी म्हणायचे, "व्हय आबा." दुपारचं काही मी त्यांना सांगितलं नाही. कॉम्प्युटरवर खेळतेय हे कोणत्या शब्दांत सांगायचं, तेच मला सुचलं नाही.

माझं पहिलं गाव फार दिवस टिकलं नाही. नानांनी चष्मा लावून पडद्यावर बोट फिरवत मोजलं. "एक, दोन, तीन... नऊ हिरी? घरं किती?"

"सहा."

"आगं, सहा घरांला नऊ हिरी? लोकं काय पोहायला आनल्यात व्हय?"

आमच्याकडं टँकर येतो तेव्हा हंड्यांची रांग वळणाच्या पुढं जाते. मला वाटलं, हातात आहे तर आधी पाणी करून ठेवावं. लाकूड विहिरींच्या बांधणीतच संपलं, घरं अर्धवट राहिली आणि थंडीत माणसं गाव सोडून गेली. नाना त्यावर हसले नाहीत. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढल्या गावाला तीन कर."

दुसऱ्या गावात मी मेंढरं घेतली, आणि ती शेतात बसवली. आमच्यात तशीच रीत आहे. पीक निघालं की शेतकरी बोलावतो, कळप त्याच्या रानात मुक्कामाला बसतो, लेंड्या आणि मुताचं खत मिळालेली जमीन पुढं दोन वर्षं बोलते. मी शेतात वाडगी, म्हणजे मेंढरांची कुंपणं घातली आणि पीक वाढायची वाट बघत बसले. पीक एका दाण्यानंही वाढलं नाही.

"कॉम्प्युटरला लेंड्या कळत न्हाईत," नाना म्हणाले.

त्यातून वाईट असं की मेंढरं तटाच्या बाहेर राहिली. लुटारू दिसले तसे नाना ओरडायला लागले, "गेट लाव, गेट लाव!" आणि मी हात आखडून बसले. "थांबा की नाना. अजून आठ मेंढरं बाहेर हायत."

"आगं ती चित्रातली मेंढरं!"

"असूंद्या. दार कसं लावू?"

कळप पुरा आत आल्याशिवाय वाडग्याचं दार लावायचं नसतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणूनच ते मोडताही येत नव्हतं. आठच्या आठ मेंढरं आत आली आणि त्यांच्या मागोमाग लुटारूही आत आले. गाव जळालं. तेवढ्यात विजयदादांचा फोन आला. "काय नाना, लढाई?"

"हारलो."

"कशी काय?"

"हिच्या मेंढरांपायी," नाना म्हणाले आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडं विजयदादा इतके हसत होते की त्यांना बोलता येईना. बर्फातून, लांबून येणारं ते हसू. वहिनींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि नुसतंच ते ऐकत उभ्या राहिल्या.

पण नानांचाही एक हट्ट होता. लढाईला माणसं बोलावताना ते एका घरातून एकच माणूस घेत. खेळात तसा नियम नाही. प्रत्येक घरातून दोन-तीन गडी उचलता येतात, फौज मोठी होते, जिंकणं सोपं जातं. मी सांगून थकले. "घरातला एक पलटणीला, एक पाभरीला," ते म्हणत. त्यांच्या आईनं दोन मुलांपैकी एकालाच भरतीला जाऊ दिलं होतं. मोठ्या भावानं जन्मभर पेरणीची पाभर धरली आणि नाना पलटणीत गेले. "दोगंबी गेलो आस्तो आन् दोगंबी परत आलो नस्तो, तर चुलीम्होरं कोन बसलं आस्तं?" लढाई संपली की बाकीचे खेळणारे म्हणे लगेच पुढचा हल्ला आखतात. नाना आपल्या सरदाराला घेऊन गावात पायी फिरायचे. ज्या घराचा माणूस पडला त्या घरासमोर थांबायचे. पडद्यावर काहीच होत नसे. रिकामं अंगण, एखादी कोंबडी. तरी ते थांबायचे. दारातून वहिनी म्हणायच्या, "एक दार लावत न्हाई, एक माणसं नेत न्हाई. तुमी दोघं मिळून राज्य चालवा, म्हंजी झालंच कल्याण!"

आम्ही जवळजवळ सगळ्या लढाया हरलो. तितका आनंद मला नंतरच्या कुठल्याही निकालानं दिला नाही. नानांचं बोट दर आठवड्याला जास्त मोकळं होत होतं. आधी पहिलं, मग मधलं. एप्रिल लागला तेव्हा ते उजव्या हातानं चमचा धरत होते, शर्टाची बटणं लावत होते. माझी परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि मी मनातल्या मनात एक तारीख मोजत होते, परीक्षेची नव्हे, एक मेची.

मग व्यायामाच्या बाई बऱ्याच दिवसांनी आल्या. त्यांनी नानांची बोटं एकेक करून वाकवून बघितली. "फारच छान," त्या म्हणाल्या. "आता हात वर करा बघू."

नानांचा हात कमरेपासून जेमतेम वीतभर उचलला गेला आणि थांबला.

"खांदा तसाच राहिला," बाई म्हणाल्या. "याचा व्यायाम कुणी घेतला नाही?"

कुणी घेणार? आम्ही अडीच महिने टेबलावर कोपर टेकून बोटांचा खेळ खेळत होतो. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. तलवार उचलत होता तो पडद्यावरच्या माणसाचा खांदा, नानांचा नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी माडीवर जाऊन रडले. नाना जिना चढत नसत. त्यांनी खालूनच हाक मारली, "कोमल! रडून खांदा उचलनार हाय व्हय? ये खाली, पेन्सील घिऊन ये."

बाईंनी सांगितलेला व्यायाम असा होता, भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं भिंतीवर चढत जायचं. जिथंवर हात पोचेल तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारायची. पहिली रेघ नानांच्या पोटाच्या उंचीवर होती. पुढच्या दिवसांत रेघा वर सरकल्या, कधी बोटभर, कधी नुसता केसभर, दोन दिवस खालीही आल्या. मी सकाळी पेपर देऊन यायचे आणि चपला काढायच्या आधी रेघ मारायचे. वडिलांनी फोनवर विचारलं, "पेपर कसा गेला?" मी म्हटलं, "छातीपतुर." आणि मग मलाच हसू आलं.

त्या घराला आता कुलूप आहे. विजयदादांना कुटुंबासह राहता येईल अशी बदली मिळाली आणि ते नानांना आणि वहिनींना घेऊन लांब उत्तरेला गेले. मागच्या वर्षी मी कामानिमित्त साताऱ्याला गेले होते तेव्हा मुद्दाम त्या गल्लीतून चालत गेले. मोहोर होता, आंब्याखाली पाला साचला होता. मी फाटकाला हात लावून थोडा वेळ उभी राहिले. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आज मुलांना शिकवते, माझ्या नावाची पाटी नसली तरी हजेरीपटावर सही आहे. हे ज्यांच्यामुळं झालं त्या माणसांची यादी करायला बसले तर गुरुजी, आई, आबा, सगळे येतात. पण मला परत जायला मिळालं तर मी पदवीच्या दिवशी जाणार नाही. दुपारी दोन वाजता त्या मागच्या खोलीत जाईन.

त्या वर्षीच्या एक मेच्या सकाळी नाना कपडे करून बसले नव्हते. बनियनवर, खुर्चीत. भिंतीवरची शेवटची रेघ त्यांच्या गळ्यापाशी होती. त्यांना न्यायला गावाहून जीप आली आणि जीपमधून एक हवालदारकाका उतरले, नानांच्याच पलटणीतले, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई येत म्हनता? बरं," ते म्हणाले. "पर सायेब, रांगंत तुमची जागा मोकळी दिसली की शाळंतली पोरं इचारनार, कोन मेलं? काय सांगू, ते तेवडं सांगा."

नाना वहिनींना म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट काढ."

वहिनी आणि मीही जीपमध्ये बसलो. शाळेचं मैदान छोटं होतं, मागं डोंगर. आठ-नऊ म्हातारे, काहींच्या छातीवर पदकं, एकाच्या पायात चपला. नाना रांगेच्या टोकाला उभे राहिले. झेंडा वर गेला आणि नानांचा हुकूम असा निघाला की डोंगरातून तो परत ऐकू आला. सगळे हात एकदम कपाळाला गेले. नानांचा खिशापर्यंत आला आणि तिथं अडला.

राष्ट्रगीत झालं. संपलं. हात खाली घ्यायचा हुकूमही नानांनीच द्यायचा असतो, आणि तो येईना. त्यांचा हात कॉलरपाशी पोचला होता. मुलं चुळबुळ करायला लागली. सरपंचांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं. रांगेतल्या म्हाताऱ्यांचे कोपर थकून कापत होते, पण कपाळावरचा हात कुणी हलवला नाही. तेव्हा शेजारच्या हवालदारकाकांनी, मान न वळवता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हटलं, "सावकाश, सायेब. आमाला कुठं जायाचंय?"

रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. नानांचा हात अजून वर आला. हनुवटी, मग गाल. तिथं तो राहिला. नानांनी डोळे मिटले, उघडले आणि हुकूम दिला. सगळे हात एकदम खाली आले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये नानांनी विचारलं, "कुठवर गेला?"

"गालापतुर."

"खोटं बोलतीस."

"आईची शप्पथ, नाना. गालापतुर."

त्यांनी डाव्या हाताची बोटं आडवी करून गालावर ठेवली आणि भुवईपर्यंत मोजली. "म्हंजी चार बोटं ऱ्हायली," ते म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक घेऊन घरी गेले. फोन होतो अधूनमधून. नाना फोनवर जास्त बोलत नाहीत. "बरं हाय. तू बरी हायस न्हवं? ठेव आता." एकदा मी धीर करून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, रोज सकाळी आंघोळ झाली की दार लावून आरशासमोर उभे राहतात. आता किती बोटं राहिली, ते कुणाला सांगत नाहीत.